कप्प्यात काय काय आहे

"गाडी घेऊन या बाई, किल्ली देतो," गयासभाई मान वर न करता म्हणाले.

"किल्ली असती तर गाडी आणली असती. आन् गाडी आणता आली असती तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

आता त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीत रविवारी सकाळीही पाय ठेवायला जागा नव्हती. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. मी मात्र टपरीला टेकून उभी होते आणि हा माणूस उठेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून आले होते. टपरी कसली, दोन दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेलं एक लोखंडी कपाट होतं ते. त्याच्या दारांवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा लटकत होत्या.

"कुठली गाडी?"

"मारुती आठशे. अठ्ठ्याण्णव सालची."

"एक पण किल्ली नाही?"

"दुसरी होती, ती दहा वर्षांमागं मोडली. करून घेऊ, करून घेऊ म्हणता राहिली. आन् ही बारा दिवसांखाली हरवली."

"कोणी हरवली?"

"मीच," मी म्हणाले.

"जुनी गाडी आहे. चिपबिप काही नाही, होऊन जाईल. उद्या दुपारी येतो."

"उद्या सकाळी भंगारवाला तिला उचलून नेणार हाय. दुपारी येऊन काय तिच्या तेराव्याला जेवणार?"

ते हसले नाहीत. कपाट बंद केलं, पत्र्याची पेटी काखेत मारली आणि म्हणाले, "चला."

रिक्षा हर्सूलकडे निघाली. घरी मी देवळात जाते म्हणून सांगून आले होते. एकोणसत्तराव्या वर्षी सुनेला खोटं सांगून घराबाहेर पडावं लागलं, याचा मला राग येत होता. पण खरं सांगायचं तर त्या बारा दिवसांत रागापेक्षा भीतीच जास्त होती.

अडतीस वर्षं मी नर्स होते. त्यातली सतरा वर्षं अजिंठ्याच्या बाजूच्या खेड्यांत गेली. कोणत्या वस्तीवर कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे, कुणाची सासू गोळ्या घेऊ देत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. वही होती, पण ती साहेब आले की दाखवायला. दवाखान्याची गाडी एका बाईला घेऊन गेली की दुसरीच्या कळा थोड्याच थांबतात? म्हणून मी त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या पगारातून ही मारुती घेतली आणि चालवायला शिकले. आमचे हे, सखाराम मास्तर, शेवटपर्यंत शेजारच्या सीटवर बसले. स्टेअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर तीन पोरं जन्माला आली. त्यातला एक कडुबा आता स्वतः ट्रॅक्टर चालवतो, आणि भेटला की आधी गाडीची खुशाली विचारतो, मग माझी.

तर अशा बाईने किल्ली हरवली. फ्रिजशेजारच्या खिळ्यावर ती कायम असायची. नऊ तारखेला बघते तर खिळा मोकळा. मी तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला, गाद्या उलट्या केल्या, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली. माझा मुलगा सार्थक वाळूजला एका कंपनीत आहे. तो रोज संध्याकाळी आला की बूट काढता काढता विचारायचा, "आई, आठवलं का?" त्याचा आवाज इतका मऊ असायचा की मला माझीच कीव यायची.

आठवलं नाही. मग मी इतर गोष्टीही तपासू लागले. गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा बघायचं. बीपीची गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारायची. एकदा वरणात मीठ टाकलं की नाही आठवेना, म्हणून टाकलंच नाही, आणि सगळे मुकाट्याने अळणी जेवले. त्या रात्री सार्थकने मेंदूच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली. मी हो म्हणाले. ज्या बाईने पन्नास वस्त्यांच्या तारखा तोंडपाठ ठेवल्या, ती स्वतःच्याच डोक्याला घाबरून हो म्हणाली.

पण काल रात्री जेवताना तो म्हणाला, "किल्लीच नाही तर ठेवून काय करायचं? सोमवारी भंगारवाला येतोय." तेव्हा मात्र मी हातातला घास ताटात ठेवला. डोकं जात असेल तर जाऊ दे, पण गाडी माझी होती. डोकं जाण्याआधी ती का जावी?

आमच्या घरासमोर रिक्षा थांबली तेव्हा शेजारचे तात्यासाहेब गेटात पेपर वाचत उभे होते. तलाठी म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या गेटाचा एक गज वाकलेला आहे. मागच्या महिन्यात गाडी मागे घेताना मी तो वाकवला. "जुनंच होतं, आशाबाई," म्हणून त्यांनी विषय संपवला होता. सार्थकने संपवला नव्हता.

गयासभाईंनी दारात उभ्या असलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. टायर बघितले, दाराच्या कुलपात फुंकर घालून धूळ काढली. मग पेटी खाली ठेवली आणि त्यावर बसले.

"बाई, कागद आहेत गाडीचे?"

"गाडीतच हायेत. आतल्या कप्प्यात."

"मंग अजून काय काय आहे कप्प्यात?"

"म्हंजी?"

"आमचा कायदा आहे. माझ्या अब्बांपासून चालत आलेला. कागद कोणी पण आणतो. एकदा एक सूटबूटवाला कागद घेऊन आला, अब्बांनी गाडी खोलून दिली. गाडी दुसऱ्याची निघाली. अब्बा चार दिवस चौकीत बसले. तेव्हापासून कुलूप खोलायच्या आधी मालकानं सांगायचं, कप्प्यात काय काय आहे. चार माणसांच्या समोर. मंग खोलून बघायचं. जुळलं तर किल्ली."

"आन् नाय जुळलं तर?"

"नाही जुळलं तर मी पेटी उचलतो."

दुसरी कुठलीही वेळ असती तर हसले असते. पण बुधवारी डॉक्टर मला जे विचारणार होते, तेच हा किल्लीवाला रविवारी भर रस्त्यात विचारत होता, आणि चार माणसांसमोर.

"त्यांना नका असं विचारू," माझी सून तनुजा मागून म्हणाली. ती कधी बाहेर आली होती कळलंच नाही. देवळातून परत आलेली सासू पेटीवाल्यासोबत बघून तिने आत जाऊन फोन केलाच असणार. "आईंना हल्ली नीट आठवत नाही."

ती वाईट नाही. तिने ते काळजीने म्हटलं होतं. पण ते वाक्य परक्या माणसासमोर ऐकलं आणि माझ्यात कुठूनतरी ताकद आली.

"आठवतं का नाय ते बघूच की," मी म्हणाले. "तात्यासाहेब, पेपर ठेवा आन् इकडं या. साक्षीदार पाहिजेत."

तात्यासाहेब आले. समोरच्या घरातली सुलेखा झाडू हातात घेऊनच आली. गयासभाईंनी डावा हात पुढे धरला, बोटांवर मोजायला.

मी डोळे मिटले आणि कप्पा डोळ्यांसमोर आणला. "फिटोस्कोप. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचं नळकांडं. लाकडी नाय, ॲल्युमिनियमचं." एक बोट मिटलं. "बॅटरी, बिगरसेलची. पिवळं फडकं. लिमलेटच्या गोळ्यांचा डबा, झाकण चेपलेलं. गाडीचे कागद, दुधाच्या पिशवीत. आन् आमच्या ह्यांचा चष्मा. काळ्या घरात."

"अजून?"

"बस. अजून काय नाय."

"विचार करा."

"केला. सहा."

गयासभाईंनी मान हलवली आणि कामाला लागले. त्यांनी पेटीतून कोरी किल्ली काढली, मेणबत्ती पेटवून तिच्या ज्योतीवर ती काळी करून घेतली. मग ती काळी किल्ली दाराच्या कुलपात घालून हलकेच पिळली आणि बाहेर काढून उन्हात धरली. जिथे आतल्या पत्त्या टेकल्या होत्या तिथली काजळी पुसली जाऊन बारीक चमक दिसत होती. तेवढ्याच जागी त्यांनी कानस फिरवली. पुन्हा मेणबत्ती, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. अर्धा तास हेच चाललं होतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. कुलपाला काही न विचारता, त्याच्यावर जोर न करता, ते त्याच्याकडूनच माहिती काढून घेत होते. आम्ही अडलेल्या बाईचं पोट असंच तपासायचो.

सार्थक आला तेव्हा किल्ली जवळजवळ झाली होती. तो अर्ध्या कटिंगवरून उठून आला होता. मानेवर केसांचे तुकडे चिकटलेले होते.

"आई, हे काय चाललंय? उद्या गाडी जाणारच आहे. भाई, राहू द्या. तुमची मजुरी घ्या आणि चला, मी सोडतो तुम्हाला."

"होऊन गेलं," गयासभाई म्हणाले, आणि दाराचं बटण टक् करून वर आलं.

"झालं ना? मग बास."

"बास कसं? कप्पा बघायचा आहे."

"कप्प्यात काय बघायचंय?" सार्थकचा आवाज एकदम चढला. "गाडी आमचीच आहे. मी सांगतोय ना."

"हौ, पण सांगितलं बाईंनी. तुम्ही नाही. तात्यासाहेब, तुम्ही खोला. मी नाही, बाई पण नाही."

तात्यासाहेब सरकारी माणूस. पंचनामा म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी वाकून कप्पा उघडला आणि एकेक वस्तू बॉनेटवर मांडली. फिटोस्कोप, बॅटरी, फडकं, डबा, दुधाच्या पिशवीतले कागद. मग हात आतपर्यंत घालून चाचपलं. "चष्मा नाही, आशाबाई."

"नीट बघा."

"नाही. हा एक कागद आहे फक्त."

घडी घातलेला गुलाबी कागद होता. गयासभाईंनी बोटं पुन्हा मोजली. "एक चीज कमी, एक जास्त," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पेटीचं झाकण लावलं.

"बघा, मी हेच सांगतोय," सार्थक म्हणाला. "तिला आठवत नाही हल्ली. तिची चूक नाही, वय झालं. द्या तो कागद इकडं, तात्या."

चष्मा नाही म्हटल्यावर मला रडू येत होतं, हे मी लपवत नाही. पण तरी मला त्याचा हात दिसला. तो फिटोस्कोपकडे गेला नाही, गाडीच्या कागदांकडे गेला नाही. सरळ त्या गुलाबी कागदाकडे गेला, आणि फार घाईने गेला. ज्याने कप्पा बघितलाच नव्हता, त्याला त्या कागदाची एवढी घाई का?

"माझ्या गाडीत निघाला, मला द्या," मी म्हणाले.

तात्यासाहेबांनी तो माझ्या हातात दिला. भंगारवाल्याची अंदाजपावती होती. गाडीचा नंबर, मॉडेल, सगळं लिहिलेलं. मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तारीख तेरा. 'बॅटरी चांगली. टायर साधारण. इंजिन चालू करून पाहिले, ठीक.'"

सुलेखाने झाडू या हातातून त्या हातात घेतला.

"किल्ली नऊ तारखेला हरवली," मी म्हणाले. "तेराला इंजिन कशानं चालू केलं रे, सार्थक?"

पावती लपवायला त्याला याहून चांगली जागा कुठे मिळाली असती? किल्ली त्याच्याजवळ, गाडी बंद, आणि आई आपल्याच डोक्यात किल्ली शोधत बसलेली.

"तुम्ही मला पण सांगितलं की आईंनी हरवली," तनुजा म्हणाली. "मी त्यांच्या उशीचे अभ्रे उसवून बघितले."

"तुझ्यासाठीच केलं, आई," तो शेवटी म्हणाला. "तात्यांचं गेट ठोकलंस. गजाच्या जागी एखादं लेकरू असतं तर? तुला सांगून तू ऐकणारी आहेस का?"

"नसते ऐकले. भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. मंग बी नसते ऐकले."

"मग काय करायला पाहिजे होतं मी?"

"भांडायला पाहिजे होतं. गाडी काढून घ्यायची होती तर गाडी काढून घ्यायची. तू माझं डोकं काढून घेतलंस. बारा दिवस मी गॅसपुढं उभी राहून रडले, तुला माहीत हाय? तू रोज येऊन विचारत होतास, आठवलं का. किल्ली तुझ्या खिशात, आन् विचारत होतास, आठवलं का."

त्याचे डोळे भरून आले. माझ्या पोटचा आहे, मला ते बघवलं नाही. पण मी तोंड फिरवलं नाही.

"आई," तनुजा हळूच म्हणाली, "तो चष्मा तुम्हीच दिला होता. दोन वर्षांपूर्वी, गरिबांसाठी जुने चष्मे गोळा करायला आले होते तेव्हा. तुम्ही गाडीतून काढून आणलात, मी पुसून दिला."

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. तिचा पुसणारा हात नाही, चष्मे गोळा करायला आलेली माणसं नाहीत, काहीच नाही. मला तर तो आत्ताही कप्प्यातच दिसत होता, काळ्या घरात.

"असंल," मी म्हणाले. "मला आठवत नाय. ते मी विसरले. ते माझं विसरणं हाय, त्याचं मी बघीन. त्यात दुसऱ्यानं आपलं खोटं घालायचं नाय."

गयासभाई पेटी घेऊन उभेच होते. मी त्यांना म्हणाले, "तुमच्या कायद्यात मी नापास. एक चूक खरीच माझी. नका देऊ किल्ली."

त्यांनी दाढी खाजवली. "बाई, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. चोर येतो ना, तो सगळं पाठ करून येतो. त्याची एक चीज पण चुकत नाही. विसरतो तो मालक." मग काजळी लागलेली ती नवी किल्ली फडक्याने पुसून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

सार्थकने खिशातून जुनी किल्ली काढली. "ही घे ना, आई. ही तुझीच आहे."

"राहू दे तुझ्याजवळ. मला गरज नाय आता."

"आणि बुधवारचं? डॉक्टरांचं?"

"जाणार. गाडी घेऊन, माझी मी. ते म्हणले, आशाबाई, गाडी बंद, तर गाडी त्यांच्या दारात ठेवून रिक्षानं येईन. पण ते डॉक्टर म्हणतील, माझ्या तोंडावर. तुला काय म्हणायचं ते तू पण आजपासून तोंडावर म्हणायचं. आन् भंगारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणावं."

"किती ताणायचं, आई? गाडी सव्वीस वर्षांची झाली."

"मी एकोणसत्तरची झाले. मला कोण उचलायला येतंय, ते पण सांगून ठेव."

तात्यासाहेब खोकले. मला वाटतं ते हसत होते. गयासभाईंनी मजुरी घेतली आणि रिक्षा कुठे मिळेल म्हणून विचारलं. मी म्हणाले, "रिक्षा कशाला? बसा. आणलं मी, सोडणार पण मीच."

"आई, मी सोडतो त्यांना बाईकवर," सार्थक म्हणाला.

गयासभाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वाकलेल्या गजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बिस्मिल्लाह म्हणून शेजारच्या सीटवर बसले आणि पेटी मांडीवर घेतली. नवी किल्ली फिरवताना थोडी अडली, मग फिरली. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं.

गाडी मागे घ्यायची होती. डाव्या हाताला तात्यासाहेबांचं गेट, उजव्या हाताला आमची पाण्याची टाकी, मधे गाडीपुरती जागा. मी काच खाली केली, दोन्ही आरसे बघितले. आरशात सार्थक दिसला. तो गाडीमागे जाऊन उभा राहिला होता आणि हात वर करून, बोटं हलवून, मला इशारे करत होता. ये, ये, डावीकडं, सावकाश.

मी ब्रेक दाबला. गाडी चालू होती, पण मी तिला तसूभरही हलवली नाही. आरशात त्याच्याकडे बघत बसले. त्याने पुन्हा हात हलवला. मी बसून राहिले. गयासभाई समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते.

मग त्याचा हात हळूहळू खाली आला. तो बाजूला सरकला आणि कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तेव्हा मी गाडी मागे घेतली.